दिवेलागणीची वीज

दिवेलागणीची वेळ प्रत्येक गृहस्थाच्या ओळखीची असते. वीज निर्माण करणाऱ्या माणसाला मात्र तीच दिवसांतील सर्वांत कसोटीची वेळ वाटते. देव्हाऱ्यांतील समई लागते न लागते तोंच घरोघरचे दिवे, पंखे, पाणी चढविणारे पंप, दुकानांच्या पाट्या आणि रस्त्यांवरील खांब हे सारे एकाच घटकेला विजेची मागणी करूं लागतात. पंक्तीला पाहुणे अधिक येणार असले तर गृहिणी आधींच चार मुठी तांदूळ जास्त वैरून ठेवते. विजेच्या बाबतींत ती सोय नाहीं. मोठ्या प्रमाणावर वीज सांठवून ठेवण्याचें साधन मनुष्याच्या हातीं अगदीं अलीकडे आलें आहे, आणि तेंही थोडेंच. ज्या क्षणीं कोणी बटण दाबतो त्याच क्षणीं दूर कोठें तरी एखादें चक्र तितक्याच अधिक जोरानें फिरवावें लागतें. तें साधलें नाहीं तर साऱ्या जाळ्यांतील यंत्रांची गति मंदावते. भारतांत प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदाला ५० राखावीं लागतात. तीं घसरूं लागलीं कीं कांहीं गांवांचा पुरवठा तोडण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

तीं गांवें कोणतीं असावींत, हा प्रश्न मात्र यंत्रशास्त्राचा नव्हे. सायंकाळच्या विजेचा इतिहास म्हणूनच दोन ठिकाणीं उभें राहून पाहावा लागतो. त्यांतलें एक ठिकाण उरणचा समुद्रकिनारा आणि दुसरें परभणीचें काळें रान.

महाराष्ट्रांत या अडचणीचें पहिलें उत्तर पाण्यानें दिलें. १९१५ सालीं टाटांचें खोपोली येथील विद्युद्गृह सुरू झालें. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांत अडविलेलें पावसाचें पाणी सुमारें १७०० फूट खालीं सोडून तेथें चक्रें फिरविलीं जात. पाणी हें या कामापुरतें मोठें आज्ञाधारक द्रव्य आहे. झडप उघडली कीं मिनिटा-दोन मिनिटांत चक्र पूर्ण वेगानें फिरूं लागतें, आणि झडप मिटली कीं खर्च थांबतो. कोळशाच्या भट्टीप्रमाणें त्याला रात्रभर जागतें ठेवावें लागत नाहीं. पुढें १९२२ सालीं भिवपुरीचें आणि १९२७ सालीं भिऱ्याचें विद्युद्गृह त्याच मार्गानें आलें. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणाखालीं ज्या मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्यांनीं १९२१ पासून सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं केलेला सत्याग्रह महाराष्ट्राला ठाऊकच आहे. दूरच्या शहरांतील दिव्यांची किंमत खेड्यानें मोजावी, हा प्रकार या प्रांतांत इतका जुना आहे.

परभणी त्या काळीं निजामाच्या राज्यांत होती आणि मुंबईकडील तारांशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० च्या मे महिन्यांत महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. त्याच वर्षींच्या जून महिन्यांत महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना झाली. मंडळाच्या तारा एकमेकींना जोडल्या गेल्या तसतशी एक गोष्ट घडली, जिचा विचार त्या वेळीं फारसा कोणीं केला नसावा. परभणीचा शेतकरी आणि मुंबई-पुण्याचा गृहस्थ एकाच कणगींतील धान्य खाऊं लागले. एकानें अधिक घेतलें तर दुसऱ्याच्या ताटांत कमी पडावें, असें तें नातें.

परभणी जिल्ह्याला या कणगींत स्वतःची भर घालण्याची संधि एकदां मिळाली. जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवरील येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या पायथ्याशीं साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅटचें विद्युद्गृह उभें राहिलें. राज्याच्या हिशेबांत हा आंकडा लहानच. परंतु त्याची रचना मनोरम आहे. येलदरींतून सुटलेलें पाणी खालच्या अंगास असलेलें सिद्धेश्वरचें धरण झेलतें आणि तेथून तें कालव्यांना जातें. मधें हा दुसरा हौद असल्यामुळें वरचे संच कांहीं तास चालवून थांबवितां येतात, आणि पिकांना पाणी आपल्या क्रमानें मिळत राहतें. वीज आणि शेती यांचें भांडण येथें निदान कांहीं अंशीं तरी मिटविलेलें आहे. तरीहि या पाण्यावर पहिला हक्क शेताचा आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यांत पावसानें डोळे वटारले कीं जलाशय तळ गाठतो. मग संचही उभे आणि कालवेही कोरडे.

कोयनेची गोष्ट याहून फार मोठी. १९६२ सालीं तिचा पहिला टप्पा सुरू झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानें तिला जबर धक्का दिला. तरीहि टप्प्याटप्प्यानें वाढत जाऊन ती १९६० मेगावॅटपर्यंत पोहोंचली. मात्र तिचें पाणी पश्चिमेकडे, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्याबाहेर, वळवावें लागतें. त्यामुळें कृष्णा पाणीवाटप लवादानें त्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. एवढी प्रचंड यंत्रसामग्री आणि तिच्यासाठीं मोजकेंच पाणी, अशी ही स्थिति आहे. तेव्हां हें पाणी दिवसभर उधळण्यापेक्षां नेमकें कडक मागणीच्या घटकेसाठीं राखून ठेवावें, हाच शहाणपणा ठरला. पण मागणी वाढत गेली आणि पाणी तेवढेंच राहिलें. सायंकाळसाठीं दुसरें कांहीं तरी शोधणें भाग होतें.

तें समुद्रांतून आलें. फेब्रुवारी १९७४ मध्यें ‘सागर सम्राट’ या जहाजावरून मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्राच्या तळाशीं खोदकाम करतांना तेल लागलें, आणि १९७६ पासून ‘बॉम्बे हाय’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या त्या क्षेत्रांतून तेल काढण्यास प्रारंभ झाला. तेलाबरोबर नैसर्गिक वायु वर येतो. त्याचा उपयोग करण्याची सोय नसेल तर तो जागच्या जागीं जाळून टाकावा लागतो; समुद्रावर रात्रंदिवस धगधगणाऱ्या त्या ज्वाळा म्हणजे शुद्ध अपव्यय होता. नळ टाकून तो वायु उरणच्या किनाऱ्यावर आणला गेला, आणि बोकडवीरा येथें विद्युत् मंडळानें १९८२ सालीं वायूवर चालणारे ६० मेगावॅटचे संच सुरू केले. असे चार संच बसल्यावर त्याच दशकांत १०८ मेगावॅटचे आणखी चार संच त्यांच्या जोडीस आले.

या यंत्राची रीति कोळशाच्या केंद्राहून अगदीं निराळी आहे. कोळशाच्या केंद्रांत प्रथम दगडी कोळशाचें पीठ करून जाळावयाचें, त्या आंचेवर पाण्याची वाफ करावयाची, आणि मग त्या वाफेनें चक्र फिरवावयाचें. बाष्पपात्राच्या जाड भिंती घाईनें तापविल्या तर तडकतात. म्हणून थंड पडलेलें केंद्र पुन्हां पूर्ण भारावर येण्यास कित्येक तास लागतात. सायंकाळीं सातला वीज हवी असेल तर तयारी सकाळींच आरंभावी लागते. वायूच्या यंत्रांत हा वाफेचा खटाटोप नाहीं. पुढच्या बाजूनें हवा आंत ओढली जाते, पात्यांच्या अनेक ओळी तिला दाबून दाबून घट्ट करतात, त्या दाबलेल्या हवेंत वायु पेटविला जातो, आणि तप्त झालेला झोत मागच्या चक्रावर जाऊन आदळतो. विमानाच्या इंजिनाचें तत्त्व हेंच. गंमत अशी कीं चक्रांत उत्पन्न होणाऱ्या शक्तीपैकीं निम्म्याहून अधिक शक्ति पुढची हवा दाबण्यांतच खर्ची पडते, आणि उरेल तेवढीच वीज म्हणून बाहेर येते. अर्थात् असें यंत्र आपल्या बळावर सुरू होऊं शकत नाहीं. पेटण्याइतकी हवा दाबली जाईपर्यंत त्याला दुसऱ्या मोटारीनें फिरवावें लागतें. परंतु एकदां ज्वाला धरली कीं अर्ध्या तासाच्या आंत तें पूर्ण भार उचलूं शकतें, आणि रात्रीं दहानंतर मागणी ओसरली कीं तितक्याच सहजतेनें थांबवितां येतें.

आणखी एक गुण त्यांत आहे, आणि परभणीच्या शेजाऱ्यांना तो विशेष कळावा. केवळ वायूवर चालणाऱ्या अशा यंत्राला पाणी फारसें लागत नाहीं. कोळशाच्या केंद्राची तहान मात्र मोठी. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक केंद्र ज्या पाण्यावर चालतें, तें गोदावरीवरील खडका बंधाऱ्यांतून येतें. हा बंधारा परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ तालुक्यांत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्यें दुष्काळानें बंधारा आटला तेव्हां परळीचे सारे संच बंद करावे लागले. कोळसा होता, यंत्रें होतीं, कामगार होते. नव्हतें तें पाणी. ज्या जिल्ह्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं रांगा लागल्या होत्या, तेथें नदीचें पाणी विजेला द्यावें कीं माणसाला, याचा निर्णय करण्यास त्या वर्षीं कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाहीं.

वायूच्या यंत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा झोत सुमारें ५०० अंश तापलेला असतो. म्हणजे जळालेल्या वायूच्या उष्णतेपैकीं दोन-तृतीयांश भाग आकाशांत जातो. दुसरा दोष असा कीं हें यंत्र उन्हाळ्याला भितें. तापलेली हवा विरळ असते. तितक्याच घांसांत तिचें वजन कमी भरतें, आणि हवा १५ अंशांवरून ४० अंशांवर गेली तर उत्पादन दहा ते पंधरा टक्क्यांनीं उतरतें. परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर चढतो, घराघरांतील पंखे आणि कूलर थांबत नाहींत, नेमकी तेव्हांच यंत्राची ताकद खचते. उरणला समुद्राचा वारा असल्यानें तेथें हा तोटा बराच कमी होतो, एवढेंच समाधान.

पहिल्या दोषावर उपाय निघाला. वाया जाणाऱ्या त्या झोतावर पाणी उकळून वाफेचीं चक्रें फिरवावींत, अशी योजना झाली, आणि १९९४ सालीं उरणला १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच जोडले गेले. वायूचा एक घनफूटही अधिक न जाळतां २४० मेगावॅट मिळूं लागले. काटकसरीच्या दृष्टीनें ही गोष्ट कौतुकास्पद खरी; पण प्रत्येक काटकसरीची कांहीं किंमत असते. वाफ आली म्हणजे बाष्पपात्र आलें, आणि बाष्पपात्र आलें म्हणजे तें हळूहळू तापविणें आलें. असें जोडयंत्र सायंकाळपुरतें पेटवून रात्रीं विझविणें परवडत नाहीं. तें अखंड चालवावेंसें वाटतें. अडीअडचणीला धांवून येणारा गडी अशा रीतीनें रोजचा चाकरमाना झाला. ६० मेगावॅटचे जुने संच पुढें निवृत्त झाले आणि उरणची क्षमता ६७२ मेगावॅटवर स्थिरावली.

ती क्षमता तरी पुरी वापरली जाते काय? याचें उत्तर दुर्दैवानें नकारार्थी आहे. बॉम्बे हायच्या वायूला वाटेकरी फार. थळचा खताचा कारखाना, हजीऱ्याहून उत्तरेकडे जाणारा नळ, शहरांतील स्वयंपाकघरें आणि मोटारी, या साऱ्यांनंतर विजेची पाळी येते. शेतकऱ्याला खत द्यावें कीं वीज द्यावी, असा हा पेंच असून सरकारनें बहुतेक वेळां खताच्या बाजूनें कौल दिला आहे. त्यांत अन्याय आहे असें म्हणवत नाहीं. परंतु बांधलेलीं यंत्रें इंधनावांचून उभीं राहतात, हें सत्य त्यामुळें बदलत नाहीं.

वायूच्या विजेचा दुसरा मोठा प्रयोग गुहागर तालुक्यांत दाभोळच्या नांवानें झाला, आणि त्याची हकीकत महाराष्ट्राच्या स्मरणांत इतकी ताजी आहे कीं तिचा विस्तार नको. १९९२ सालीं एन्रॉन या अमेरिकन कंपनीशीं बोलणीं सुरू झालीं, १९९३ सालीं करार झाला. मे १९९९ मध्यें ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा, वायु नव्हे तर नाफ्था जाळून, सुरू झाला, आणि दोनच वर्षांनीं बंद पडला. भांडण दरावरून झालें असें सर्वसाधारणपणें समजलें जातें, पण मूळ चूक त्याहून खोल होती. राज्याला उणीव भासत होती ती मुख्यतः दिवसांतील कांहीं तासांची. करार मात्र असा कीं केंद्र तयार असलें म्हणजे वीज घेतली अथवा न घेतली तरी मोठी ठराविक रक्कम द्यावयाचीच. जागतिक बँकेनें १९९३ सालींच बजावलें होतें कीं एवढें मोठें केंद्र अहोरात्र चालविल्यानें स्वस्त कोळशाची वीज मात्र मागें सारली जाईल. चार तासांच्या गरजेसाठीं चोवीस तासांचा पाहुणा घरीं आणून बसविला, आणि त्याच्या सरबराईंत घर बुडालें. २००५ सालीं तें केंद्र रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या सरकारी कंपनीकडे आलें. नंतर कांहीं वर्षें कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतील वायूवर तें चाललें, आणि तो वायु आटतांच पुन्हां थंडावलें.

दाभोळ बंद पडलें त्याचे चटके कोणाला बसले? मुंबईच्या दिवाणखान्यांत ते जाणवले नाहींत. २००५ नंतरच्या वर्षांत राज्यांत कमाल मागणीच्या वेळीं चार हजार मेगावॅटच्या आसपास तूट पडूं लागली, आणि ‘भारनियमन’ हा शब्द मराठवाड्यांतील लहान मुलांच्याही तोंडीं बसला. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. पुढें तर ज्या वाहिनीवर गळती अधिक आणि वसुली कमी, तिच्यावर भारनियमन जास्त, असा क्रम लावण्यांत आला. हिशेबाच्या दृष्टीनें तो चुकीचा म्हणतां येणार नाहीं. पण ज्याचें बिल नियमित भरलेलें आहे असा गृहस्थही शेजाऱ्याच्या आंकड्याची शिक्षा भोगत अंधारांत बसे. परीक्षेच्या दिवसांत मुलें कंदील पुसून अभ्यासाला बसत. त्यांच्यापैकीं अनेकांच्या घरीं विजेचे दिवे लागून पंचवीस-तीस वर्षें लोटलीं होतीं.

शेतीच्या पंपांची तऱ्हा आणखीच निराळी. सायंकाळीं शहरांचा भार असे म्हणून पंपांना त्या वेळीं वीज नाहीं. ती मिळे एका आठवड्यास दिवसां आठ तास आणि दुसऱ्या आठवड्यास रात्रीं दहा तास. विजेचा हिशेब यानें चोख जुळतो. मध्यरात्रीं कोळशाच्या केंद्रांना गिऱ्हाईक नसतें, तें पंपांच्या रूपानें लाभतें. पण पौष-माघाच्या थंडींत रब्बीच्या गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी देण्यासाठीं मध्यरात्रीं दोन वाजतां चिखलांत उतरावयाचें तें माणसानें. दारें धरतांना पायाखालीं काय आहे हें दिसत नाहीं; विंचू आहे, साप आहे, ओल्या हातांना धक्का देणारी पेटी आहे. मुंबईतील सायंकाळ सरळ रेषेंत चालावी म्हणून परभणीच्या शेतकऱ्यानें आपली झोप मोडून वर्षानुवर्षें जो हातभार लावला, त्याची नोंद कोणत्याही विद्युद्गृहाच्या क्षमतेंत सांपडत नाहीं. उरणच्या यंत्रापेक्षां तो हातभार लहान होता असें मात्र नव्हे.

ही गोष्ट अगदींच कोणाच्या ध्यानीं आली नाहीं, असेंही नाहीं. त्या तुटीच्या काळांत महावितरणनें ‘अक्षय प्रकाश योजना’ नांवाचा एक उपक्रम काढला. सायंकाळच्या कमाल मागणीच्या तासांत गांवानें पंप, गिरण्या व इतर जड यंत्रें आपणहून बंद ठेवावींत. त्या बदल्यांत घरांतील दिव्यांचा पुरवठा तोडला जाणार नाहीं, असा तो व्यवहार. आंकडा टाकणारास गांवानेंच आवरावें, हेंही त्यांत आलें. नवी चिमणी न उभारतां, वायूचा नळ न टाकतां सायंकाळची वीज निर्माण करण्याची ही युक्ति साधी असली, तरी राज्यांतील अनेक गांवांनीं ती पाळून दाखविली.

अलीकडे सारें चित्रच पालटत आहे. २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०२३ मध्यें तिचा विस्तार झाला. उपकेंद्राजवळ सूर्याच्या उन्हावर वीज काढून ती शेतीच्या पंपांना दिवसांच द्यावयाची, असा तिचा उद्देश आहे. जें ऊन मराठवाड्याला आजवर केवळ भाजून काढीत होतें, तेंच आतां पंप फिरवूं लागलें. रात्रीचें पाणी देणें जेथें बंद झालें तेथील शेतकऱ्याला या योजनेचें महत्त्व समजावून सांगावें लागत नाहीं.

मात्र सूर्य मावळतो तोही नेमका दिवेलागणीलाच. ३० मे २०२४ या दिवशीं भारताची विजेची मागणी २,५०,००० मेगावॅटवर गेली, आणि तेव्हां भर उन्हांतील सौर विजेनें तिचा मोठा भाग उचलला. अडचण उभी राहते ती त्यानंतर, सूर्य कलल्यावर. तासा-दोन तासांत हजारों मेगावॅट सौर वीज नाहींशी होते आणि त्याच तासांत घरोघरचे दिवे लागतात. कोळशाच्या केंद्रांना एवढी झपाट्याची चढण झेपत नाहीं. म्हणूनच त्या उन्हाळ्यांत केंद्र सरकारनें विद्युत् कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन १ मेपासून ३० जूनपर्यंत देशांतील वायूचीं केंद्रें चालविण्यास फर्माविलें. देशांत त्या वेळीं अशीं सुमारें २५,००० मेगावॅटचीं केंद्रें होतीं आणि महागड्या वायूमुळें त्यांतील पुष्कळशीं एरवीं बंदच असत. ज्या कामासाठीं तीं मुळांत योग्य होतीं, त्या कामाला तीं इतक्या वर्षांनीं जुंपलीं गेलीं.

त्यांना स्पर्धकही आहेत. नगर-ठाण्याच्या सीमेवरील घाटघर येथें २००८ पासून २५० मेगावॅटचें केंद्र आहे. तेथें स्वस्त विजेच्या वेळीं पाणी वर चढवावयाचें आणि महाग वेळीं खालीं सोडावयाचें, असा क्रम चालतो. परभणीला कालव्यानें पाणी देणाऱ्या जायकवाडीच्या धरणाशीं, पैठणला, बारा मेगावॅटचा असाच एक उलटसुलट चालणारा छोटा संच फार पूर्वींच बसविला गेला होता. आतां बॅटऱ्यांचीं कोठारेंही उभीं राहूं लागलीं आहेत. पावसाळ्यानें साथ दिलेल्या वर्षीं येलदरीचे तीन संचही आपला साडेबावीस मेगावॅटचा वांटा उचलतात, आणि पाणी चक्रावरून उतरून सिद्धेश्वरकडे, तेथून कालव्यानें वसमतच्या आणि परभणीच्या शेतांकडे निघून जातें.